राहणे या अर्थी

“मागं ‘ॲट’ लागलं की मुक्काम, ‘विथ’ लागलं की सोसणं. क्रियापद तेच, पोरांनो. शेपूट बदललं की जनावर बदललं.”

प्लायवुडच्या पलीकडून सत्यम सरांचा आवाज माइकवरून आला आणि शरणप्पाची बोटं कीबोर्डवर होती तिथंच थांबली.

“लिहून घ्या. आय कॅननॉट पुट अप विथ धिस नॉइज. म्हणजे?”

“मला हा गोंगाट सहन होत नाही,” शंभरेक पोरं एका सुरात म्हणाली.

“सर, आय कॅननॉट पुट अप विथ युवर टेस्ट,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

“बस खाली. वाक्य मात्र बरोबर आहे तुझं.”

एरवी शरणप्पाही हसला असता. लातूरच्या ट्यूशन एरियात त्याच्या पुतण्याचं, श्रीशैलचं, झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानाच्या एका कोपऱ्यात शरणप्पाचं टायपिंगचं टेबल आणि टेबलाला लागून, प्लायवुडच्या पलीकडं, हा इंग्रजीचा वर्ग. दोन वर्षं तो वर्ग त्याच्या उजव्या कानात भरत होता. आज मात्र त्यातलं एक वाक्य त्याच्या ओळखीचं निघालं. हातातलं भाडेपत्र अर्धवट टाकून तो जुन्या फायलींत शिरला आणि नऊ दिवसांपूर्वी टाइप केलेलं एक पत्र त्यानं उघडलं.

पत्र एका बँकेच्या नांदेडच्या विभागीय कार्यालयाला होतं. साहेब लोक परराज्यांतले, म्हणून इंग्रजीत. किनवट शाखेतल्या दीपमाला खानापुरे या क्लार्कबाईंना लातूरला नवऱ्याकडं बदली हवी होती. पत्राच्या मधोमध शरणप्पानं टाइप केलेलं वाक्य उभं होतं : आय कॅननॉट पुट अप विथ माय हजबंड ॲट लातूर.

त्यानं ते वाक्य बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मराठीत ते असं होत होतं, की लातूरच्या माझ्या नवऱ्याला मी सहन करू शकत नाही.

“काका, घाम कशानं फुटला तुला?” श्रीशैल म्हणाला. “पंखा तर चालूय.”

“काई न्हाई.”

“बीपीची गोळी घेतली का सकाळी?”

“घेतली म्हणलं ना. तू तुझं झेरॉक्स बघ.”

शरणप्पा निलंग्याकडचा. वयाची एकोणीस वर्षं होईपर्यंत त्याला अक्षर ठाऊक नव्हतं. लातूरच्या अडत बाजारात तो पोती उचलायचा आणि पोत्यांवरचे शिक्के ओळखता ओळखता मराठी वाचायला लागला. पुढं एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाडलोटीचं काम मिळालं. तिथल्या बसवंत मास्तरांनी त्याला एका मोडक्या मशिनवर बसवलं. इंग्रजी अक्षरं तो त्या मशिनवरच शिकला, मशिनवर ज्या क्रमानं असतात त्याच क्रमानं. त्यामुळं ए-बी-सी-डी म्हणताना तो अजूनही अडखळायचा. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी मात्र घडाघडा म्हणायचा. मास्तरांची एक वही होती, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी. शरणप्पानं ती अख्खी उतरवून पाठ केली होती. ‘पुट अप : राहणे, मुक्कामास असणे.’ ‘विथ : जवळ, सोबत.’ मास्तर सांगायचे, साधा शब्द लावला की अर्ज हलका दिसतो, साहेबाला भारी शब्द लागतो.

पंचेचाळीस वर्षं त्यानं भारी शब्द लावले. अमुक गल्लीत राहणार म्हणायचं असलं की ‘पुटिंग अप ॲट’. हजारो कागदांत ते गेलं आणि एकदाही परत आलं नाही. म्हणून ‘नवऱ्याजवळ राहू शकत नाही’ असं कुणी सांगितलं तेव्हा त्यानं राहण्यासाठी पुट अप घेतलं, जवळसाठी विथ घेतलं आणि दोन्हीची गाठ मारली. मारताना जरासं कौतुकही वाटलं होतं स्वतःचं.

वर्ग सुटल्यावर तो पलीकडं गेला. सत्यम सर फळा पुसत होते. तिशीतला माणूस, शर्टाच्या बाहीला खडूची पांढरी पट्टी.

“सर, एक इचारू का?”

“विचारा की काका. आज भिंतीतून आवाज जास्त येत होता का?”

शरणप्पानं कागद पुढं केला. सरांनी वाक्य वाचलं आणि हसायला सुरुवात केली. शरणप्पाच्या तोंडाकडं बघून ते आवरलं.

“तुम्ही केलंय?”

“म्या केलंय.”

“गेलं का पुढं?”

“नऊ दिवस झाले.”

सरांनी खुर्ची ओढून दिली. “असं बघा काका. पुढं कॅन, मे, मस्ट, विल यांतलं काय लावता, त्यानं माणसाचा जोर कळतो. करू शकतो, करावं, केलंच पाहिजे, करणारच. आणि मागं ॲट, विथ, फॉर यांतलं काय लावता, त्यानं सगळा अर्थच फिरतो. आपल्यात पण आहे की. पोरगी ‘देऊन टाकली’ म्हटलं तर लग्न झालं. ‘टाकून दिली’ म्हटलं तर माहेरी आली. शब्द तेच दोन.”

“मग हितं काय पायजे व्हतं?”

“लिव्ह विथ. एवढंच.”

“एवढंच? पयलीच्या पोराला येतंय ते.”

“हो,” सर म्हणाले, आणि मग म्हणायला नको होतं असं वाटून त्यांनी पुन्हा फळा पुसायला घेतला. तो आधीच पुसून झाला होता.

दुकानात येऊन शरणप्पानं पत्र नव्यानं टाइप केलं. लिव्ह विथ. एक ओळ बदलायला अर्धं मिनिट लागलं. मग फोन हातात घेऊन तो बराच वेळ बसला. माझी चूक असंल तर कागद पुन्हा करून देतो, हे तो गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून सांगत आला होता आणि तसा वागलाही होता. पण आजवरच्या चुका अक्षरांच्या होत्या. कुठं एक एल जास्त, कुठं तारीख उलटी. ही चूक सांगायची म्हणजे मला इंग्रजी येत नाही असं सांगणं होतं.

पत्र सांगायला बाई आल्याच नव्हत्या. त्यांचा नवरा आला होता, मृत्युंजय, ठिबकच्या पाइपांचं दुकान असलेला. आल्या आल्या वाकून लिंगायत रीतीनं ‘शरणार्थ काका’ म्हणाला होता, दोन चहा सांगितले होते आणि स्टुलावर बसून सगळं तोंडी सांगितलं होतं : मी किनवट शाखेत आहे, मी माझ्या पतीजवळ राहू शकत नाही, माझी बदली लातूरला व्हावी. गुणी माणूस वाटला होता शरणप्पाला.

त्यानं फोन लावला.

“बोला काका, शरणार्थ.”

“शरणार्थ. ते बाईंच्या पत्राचं काई कळलं का?”

“तिला उद्या नांदेडला बोलावलंय की. साहेबांना पत्रातलं काहीतरी विचारायचंय म्हणं. का हो? गडबड आहे का काही?”

“एक शब्द इकडचा तिकडं झालाय. नवीन काढून ठिवलंय म्या. म्याच जातो घेऊन उद्या. बाईंनी सही केली की झालं.”

“तुम्ही कशाला त्रास घेता? मेल करा.”

“न्हाई न्हाई. माझ्या हातून झालंय, म्याच जातो.”

“देवमाणूस आहात काका. मला उद्या पाइपांची गाडी खाली करायचीय, न्हाई तर मीच गेलो असतो. तिला सांगून ठेवतो, गेटपाशी थांब म्हणून. पाचच्या आत द्या बरं का. उद्याची शेवटची तारीख आहे. उद्या हुकलं तर एक वर्ष गेलं.”

दुसऱ्या दिवशी शरणप्पा सात वाजताच लातूरच्या स्टँडवर होता. आठची नांदेड गाडी आलीच नाही. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, येईल. नऊ वाजता म्हणाला, आली नाही म्हणजे रद्द झाली असणार. साडेनऊला एक गाडी लागली, तिच्यात तो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून बसला. पिशवीत प्लास्टिकच्या फायलीत पत्र. अहमदपूर येईपर्यंत त्यानं ते तीनदा काढून बघितलं.

“कोर्टाचं काम हाय जणू?” शेजारचा म्हातारा म्हणाला.

“तसंच समजा.”

“तारखेला जाऊन काई व्हत न्हाई बघा. म्या अकरा वर्सं जाऊन राहिलो.”

माळाकोळीच्या अलीकडं गाडीनं आचका दिला आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं आणि बिडी पेटवली. बिडी पेटवली म्हणजे लवकर निघत नाही, एवढं सगळ्यांना कळलं. माणसं उतरून बाभळीच्या सावलीला गेली. शरणप्पा मात्र रस्त्याच्या मध्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होता. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो गेला, दोन लग्नाच्या गाड्या गेल्या. सव्वा वाजला, दीड वाजला.

“ओ मामा, बाजूला व्हा, एखादा उडवंल,” कंडक्टर म्हणाला. “दुसरी गाडी मागवलीय.”

“कवा येती?”

“येती की.”

“पाचच्या आत नांदेड गाठायचंय मला.”

“पेशंट हाय का?”

एक शब्द दुरुस्त करायचाय, असं सांगितलं असतं तर कंडक्टरनं डोक्याला हात लावला असता. पावणेदोनला एक काळीपिवळी जीप आली, आत माणसावर माणूस. तो मागच्या पायरीवर उभा राहिला, एका हातानं वरची कांब, दुसऱ्या हातानं पिशवी छातीशी. सदुसष्टाव्या वर्षी असा कुणी लटकतो का, असं एक बाई आतून म्हणाली. लोह्याला जागा झाली तेव्हा त्याच्या हाताची बोटं उघडेनात. नांदेडात शिरताना पुलावर गर्दी लागली. तिथून रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला तो चौकाचौकाला म्हणत राहिला, हाण की बाबा, हाण की.

विभागीय कार्यालयाच्या गेटापाशी तो उतरला तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

गेटाच्या आत, पायऱ्यांच्या बाजूच्या बाकावर एक तिशीच्या आतली बाई बसली होती. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, मांडीवर डबा. त्याला बघून ती उठली.

“तुम्हीच टायपिंगवाले काका?”

“हाव माय, शरणप्पा. गाडी बंद पडली, त्यानं उशीर झाला.” तो बोलता बोलताच फाइल काढत होता. “हे घे. हितं खाली सही कर. पेन हाय का? माझ्याजवळ हाय.”

तिनं कागद घेतला नाही. “बसा आधी. दम लागलाय तुम्हाला. पाणी घ्या.”

“पाणी मागून. पाचला बंद व्हतंय ना?”

“पाचला होतं.” तिनं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. “अजून सत्तर मिनिटं आहेत.”

तिच्या बोलण्यात घाई नव्हती, हे त्याला तेव्हा लक्षात आलं नाही. तो बाकाच्या टोकाला बसला, पाणी प्यायला आणि सकाळपासून मनात जुळवत आणलेलं सगळं त्यानं एका दमात बोलून टाकलं.

“माझ्या हातून मोठी चूक झाली, माय. तुझ्या नावानं भलतंच गेलं. म्या म्हणलं, पुट अप म्हणजे राहणं. आमच्या मास्तरांच्या वहीत तसंच व्हतं. विथ लागलं की अर्थ फिरतो हे मला ठाव नव्हतं. तुला साहेबांपुढं खाली बघायची पाळी आली असंल.”

“आली,” ती म्हणाली. “दामिनी मॅडम आहेत. सोलापूरकडच्या, मराठीच. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, ही टायपिंगची चूक आहे ना?”

“मग? तू काय म्हणलीस?”

“मी काही म्हणले नाही.”

शरणप्पानं फाइल मांडीवर ठेवली.

“त्यांनी पेन खाली ठेवला,” दीपमाला म्हणाली. “म्हणाल्या, पाचच्या आत दुरुस्त पत्र आलं तर तुमची विनंती पुढं पाठवते. नाही आलं तर तुम्ही ती मागं घेतली असं धरते. मग कॉम्प्युटरकडं बघत म्हणाल्या, बाहेर बसा, घाई करू नका.”

“न्हाई म्हणजे, मला एक कळंना. सही करायच्या आधी तू वाचलं न्हाईस का पत्र?”

“वाचूनच केली.”

गेटाबाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत राहिली. ती गेल्यावर दीपमाला पुन्हा बोलायला लागली. आवाज तोच, बँकेच्या खिडकीत बसून बोलल्यासारखा.

“आमच्या ह्यांनी पत्र फोनवर पाठवलं. प्रिंट काढ, सही कर, पाठव. मी तीनदा वाचलं. वाटलं, लातूरात कुणीतरी ओळखलं मला. मग कळलं, चूक आहे. तरी सही केली. त्यांनी पण वाचलं होतं काका. म्हणाले, लई भारी इंग्रजी आहे म्हाताऱ्याचं.”

शरणप्पानं विचारलं, “मारतो का?”

“नाही. मारलं असतं तर सांगणं सोपं होतं.” तिनं डब्याची कडी उघडली, परत लावली. “मी शनिवारी लातूरला जाते. रविवारी दुकानात जाताना ते बाहेरून कडी घालतात. काळजी वाटते म्हणतात. माझा फोन सोबत नेतात, दुकानात चार्जिंग लवकर होतं म्हणतात. घरात दुसरं कुणी नाही. भाजीवाला आला की मी खिडकीतून सांगते, नंतर या, मालक घरी नाहीत. बोलायला गोड आहेत. तुमच्याशी पण गोडच बोलले असतील.”

“चहा पाजला व्हता मला.”

“हो. पाजतात.”

“आन बदली झाली तर?”

“आता आठवड्याला एक दिवस कडी असते. मग रोज. वर्षभरात नोकरीपण सोड म्हणतील. किनवटला मला एक खोली आहे. बारकी आहे, पण आतून लावते मी.”

शरणप्पानं हातातल्या कागदाकडं पाहिलं. मी किनवट शाखेत आहे. मी माझ्या पतीजवळ. माझी बदली. स्टुलावर बसून मृत्युंजयनं हे सगळं ‘मी’ म्हणून सांगितलं होतं आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याचा धंदाच दुसऱ्याचा ‘मी’ टाइप करायचा. कुणाचा मी, हे त्यानं पंचेचाळीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

“वडलाला सांगितलंस का?”

“पप्पा हदगावला असतात. त्यांना म्हणलं, मला तिथं राहायचं नाही. ते म्हणाले, जावई निर्व्यसनी आहे, आणि काय पाहिजे? ऋतुजाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, माघात लग्न आहे. तिच्या सासरी कळलं, की थोरली टाकून दिलेली आहे, तर तेही मोडेल. तेवढं होऊन जाऊ दे. मग मी स्वतः बोलणार आहे. सगळ्यांसमोर.” ती थांबली. “तुम्ही कॅननॉट लिहिलंत काका. मला विल नॉट लिहायचं होतं. पण ते तर कुणालाही कळलं असतं.”

शकत नाही आणि राहणार नाही. सत्यम सर म्हणाले होते, पुढं काय लावता त्यानं जोर कळतो.

शरणप्पाच्या खिशातला फोन वाजला. दोघांनीही त्याच्याकडं पाहिलं. मृत्युंजय. तो वाजून थांबला आणि लगेच डब्याशेजारी ठेवलेला दीपमालाचा फोन थरथरायला लागला. तिनंही उचलला नाही.

“मी सही करायला नाही म्हणले, असं कळलं तर आज संध्याकाळीच ते किनवटला येतील,” ती म्हणाली. “म्हणून मी इथं बसून तुमची वाट बघत होते. देवाला म्हणत होते, काकांची गाडी न पोचो. तुम्ही तर जीपला लटकून आलात.”

त्यात हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही.

“मग म्या काय करावं म्हणतीस?”

“पाचच्या नंतर पोचलो, असं सांगाल का?”

शरणप्पा उठला. पायऱ्यांपर्यंत गेला, परत आला. बसला आणि पुन्हा उठला. वर, पहिल्या मजल्यावर, कुठल्यातरी दारामागं त्या मॅडम बसल्या होत्या. चौदा पायऱ्या, एक सही, एक कागद. वर जाऊन नुसतं एवढं सांगितलं, की बाई, चूक माझी, तरी त्याच्या मनावरचं ओझं उतरलं असतं. दिवसभर तो त्या चौदा पायऱ्यांसाठीच पळत होता. लातूरला गेल्यावर श्रीशैलला, सत्यम सरांना सांगता आलं असतं, की गेलो आणि निस्तरून आलो.

“आन चूक?” त्यानं उभ्यानंच विचारलं. “ती कुणाची म्हणून सांगू?”

दीपमालानं मान खाली घातली. “तुमची.”

“ती तर माझीच हाय,” शरणप्पा म्हणाला. “त्यात काई खोटं न्हाई.”

त्यानं फाइल पिशवीत टाकली आणि बाकावर, तिच्यापासून हातभर अंतर सोडून बसला.

साडेचारला फोन पुन्हा वाजला. पावणेपाचला वाजला. दीपमालानं डबा उघडून अर्धी पोळी त्याच्यापुढं केली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तरी त्यानं ती हातातच धरून ठेवली. माणसं पायऱ्या उतरून जायला लागली, कुणी स्कूटर काढत होतं, कुणी हेल्मेट शोधत होतं. वॉचमन आला आणि म्हणाला, काही काम राहिलंय का, साहेब लोक निघाले. दीपमाला शरणप्पाकडं बघत होती. तो वॉचमनला म्हणाला, “न्हाई. आमचं काई न्हाई राहिलं.”

पाच वाजून चार मिनिटांनी दोघं गेटाबाहेर पडले.

स्टँडवर किनवटची गाडी लागलेलीच होती. भोकर-हिमायतनगरची माणसं खिडक्यांतून पिशव्या आत ढकलत होती. दीपमाला दारापाशी घुटमळली. तिला वाकायचं होतं, पण शरणप्पानं पाय मागं घेतले.

“जा. जागा धर आधी.”

ती गाडीत चढल्यावर तो खांबाच्या आडोशाला गेला आणि त्यानं फोन लावला. पलीकडून पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“काका, दहा फोन केले मी. झालं का काम?”

“न्हाई झालं. गाडी बंद पडली माळाकोळीला. म्या पोचलो तवा पाच वाजून गेलते. हापीस बंद.”

“बंद? अहो काका, मग फोन उचलून सांगायचं ना. मी इथून कुणालातरी बोललो असतो.”

“जीपमधी उभा व्हतो. हात मोकळा नव्हता.”

“आणि तो शब्द? दुपारी तिला फोन केला तर ती म्हणाली, पत्राचा अर्थच उलटा झालाय, पाचच्या आत दुसरं आलं नाही तर विनंती गेली. तुम्ही तर मला म्हणाला, एक शब्द इकडचा तिकडं.”

शरणप्पानं खांबाला हात टेकला. “अर्थच उलटा झाला. मला त्या इंग्रजीचा अर्थ ठाव नव्हता. म्या राहणं समजून टाकलं, त्याचा अर्थ सोसणं निघाला. बाईची काई चूक न्हाई. तिला कुठं ध्यानात येतंय एवढं. माझीच चूक हाय.”

मग मृत्युंजय बोलायला लागला. आवाज चढला नाही त्याचा, पण त्यातलं ‘काका’ गेलं.

“येत नव्हतं तर टेबल मांडून बसता कशाला? लोक सांगत होते मला, त्याच्याकडं जाऊ नको, तो अडतीतला हमाल होता. मी म्हणलं, असू द्या, आपल्यातला माणूस आहे. पोती उचलायची सोडून कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला कागद काळे करायला? माझं एक वर्ष घालवलं तुम्ही. उद्या येतो तुमच्या त्या दुकानात. तिथं शिकायला येणाऱ्या पोरांसमोर उभं करून विचारतो, सांगा म्हणून, काय अर्थ होतो.”

किनवटच्या कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी मागं सरकली, वळली. चौथ्या खिडकीत दीपमाला बसली होती. काच अडकली होती, ती दोन्ही हातांनी जोर लावून सरकवत होती. काच सरकली तेव्हा वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस मागं गेले. तिनं इकडं तिकडं पाहिलं, पण खांबाआडचा शरणप्पा तिला दिसला नसावा. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली.

“अर्ज लिहिता येत नाही, इंग्रजी येत नाही, वेळेवर पोचता येत नाही,” फोनमधला आवाज म्हणत होता. मग तो थांबला. “हॅलो? आहात का? ऐकायला येतंय ना?”

शरणप्पानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हाय की,” तो म्हणाला. “ऐकून घ्यायलो. बोला.”